मदत हवी आहे: क्रीटचा वेढा (960-61) आणि हिवाळ्यातली रसद

नमस्कार मंडळी,

बायझंटाईन (म्हणजे पूर्व रोमन) साम्राज्याचा इतिहास वाचणाऱ्यांना एक प्रश्न. अंदालुसियातून (मुस्लीम स्पेनमधून) हद्दपार झालेल्या अरबांनी 820 च्या दशकात भूमध्य समुद्रातलं क्रीट बेट जिंकलं आणि खंदकाने वेढलेली चँडॅक्स ही राजधानी वसवली. आजचं हेराक्लिओन ते हेच. बेट परत घ्यायला बायझंटाईनांनी अनेकदा आरमार पाठवलं. 949 ची मोहीम तर वाईट फसली. शेवटी 960 च्या उन्हाळ्यात सेनापती निकेफोरस फोकास उतरला. जहाजांवरून उतरत्या फळ्या टाकून त्याने घोडेस्वार थेट किनाऱ्यावर आणले! 6 मार्च 961 ला तटाखाली भुयार खणून तो पाडला आणि शहर घेतलं.

माझं घोडं अडलंय ते मधल्या हिवाळ्यापाशी. थंडी आणि अन्नटंचाईने वेढा घालणारेच मेटाकुटीला आले होते. कॉन्स्टँटिनोपलहून, म्हणजे बायझंटाईन राजधानीतून, सम्राटाचा मंत्री जोसेफ ब्रिंगासने धान्य पाठवलं म्हणून सैन्य टिकलं. पण हिवाळ्यात एजियन समुद्रातून ही जहाजं कुठल्या मार्गाने, कुठल्या बेटांवर थांबत आली असतील? 949 च्या मोहिमेची जहाजं, माणसं, सामान यांच्या तपशीलवार याद्या उपलब्ध आहेत, त्यांवरून 960 चा अंदाज बांधणं कितपत योग्य? मला तरी ते धोक्याचं वाटतं, कारण 960 ची मोहीम बरीच मोठी होती.

मध्ययुगीन आरमारावरचा चांगला अभ्यास किंवा नकाशा माहीत असेल तर कृपया सुचवा. अरबी साधनांवर आधारलेलं काही असेल तर फारच उत्तम, वेढ्यात अडकलेल्यांची बाजू मला मनापासून समजून घ्यायची आहे.