वॅन पानावर एक आयपी, वेबसाइटवर दुसराच!

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा):
मंडळी, मी नोकरीमुळे पुण्यात, आई-बाबा बडोद्याला. दारावरच्या कॅमेऱ्यासाठी राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग केलं (म्हणजे बाहेरून आलेली विनंती कॅमेऱ्याकडे वळवली), पण बाहेरून काही केल्या उघडत नाही. राउटरचं वॅन पान (बाहेरच्या इंटरनेट जोडणीची माहिती देणारं) १००.७२ ने सुरू होणारा आयपी पत्ता दाखवतं, ‘माझा आयपी काय’ सांगणारी वेबसाइट भलताच. काय गौडबंगाल आहे?

उत्तर १:
हे सीजीनॅट, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटणं. आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे) पत्ते संपत आले म्हणून १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा २०१२ साली इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखला गेला. वाड्यात नळ एकच, बिऱ्हाडं अनेक, तसा बाहेरचा पत्ता तुम्हा सगळ्यांत मिळून एकच. बाहेरून आलेली विनंती कंपनीच्या यंत्रापाशीच अडते. नवा राउटर घेऊन पैसे घालवू नका!

उत्तर २:
कंपनीकडे स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा बाहेरचा पत्ता) मागा, जादा पैसे पडतील. कस्टमर केअरवाले आधी ‘राउटर बंद-चालू करा’ म्हणतीलच, दाद देऊ नका. कनेक्शनला आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) असेल तर तेही बघा. त्यात नॅटची, म्हणजे एक पत्ता अनेकांत वाटण्याची, भानगड नसते, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये (बाहेरचं अडवणाऱ्या पहाऱ्यात) वाट द्यावी लागते.

प्रश्नकर्ता:
आयपीव्ही६ मिळतंय, पण कॅमेऱ्याला ते कळतच नाही. स्टॅटिकचा अर्ज टाकतो. बाबांना वॅन पान फोनवरून वाचायला लावणं हेच मोठं काम होतं!