किती पायऱ्या राहिल्या?

(सिंहगड रस्त्यामागे, मुठेच्या काठावरची एक सोसायटी. जुलैतला बुधवार, संध्याकाळी ६:५० पासूनचे मेसेज.)

सेक्रेटरी (बी-४०२): सर्व सभासदांना कळवण्यात येते की उद्या सकाळपर्यंत पुणे घाटमाथ्याला रेड आणि शहराला ऑरेंज अलर्ट आहे. खालच्या पार्किंगमधल्या गाड्या रात्री १० च्या आत मुख्य रस्त्याला नेऊन लावाव्यात. धन्यवाद.

रोहन (ए-६०२): परत? गेल्या आठवड्यात पण ऑरेंज होता. शाळेला सुट्टी, पोरगं दिवसभर घरात आणि बाहेर लख्ख ऊन. गाद्या वाळत घातल्या होत्या आम्ही त्या दिवशी.

खजिनदार (ए-२०४): रंग त्यांचा, पाऊस त्याच्या मर्जीचा 😄

स्नेहा (सी-२): रोहन, सहाव्या मजल्यावरून गंमतच वाटणार. २५ जुलै २०२४ ला आमच्या सोफ्यावर गाळ बसला होता, पाहुण्यासारखा.

रोहन: ताई, तुमचं दुःख मान्य आहे. पण दर वेळी ‘लांडगा आला’ ऐकून शेवटी कोणी उठणारच नाही, एवढंच म्हणतोय.

नाईक काका (ए-३०१): रोहन, ऑरेंज म्हणजे पाऊस पडणारच असं नाही रे. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. छत्री घेऊन निघालास आणि पाऊस आला नाही, तर छत्रीवर चिडतोस का?

रोहन: चिडतो. लोकलमध्ये विसरतो ना मग 😅 बरं, काका, रेड तर घाटाला आहे. आपण कुठे घाटात राहतो?

नाईक काका: इथेच तर सगळ्यांची गल्लत होते. थांब, मोठा मेसेज टाकतोय, मध्ये कोणी गुड इव्हिनिंग पाठवू नका.

नाईक काका: हवामान खात्याच्या हिशोबात २४ तासांत ६४.५ मिमी ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार. ११५.६ पासून अति मुसळधार. २०४.४ च्या पुढे त्याच्याही वर. हे २४ तास सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी ८:३० असे धरतात. आता २०२४ ची ती रात्र घ्या. शिवाजीनगरला भरला ११४ मिमी. म्हणजे कागदावर ‘अति’सुद्धा नाही, नुसताच मुसळधार. त्याच २४ तासांत लवासाला साडेचारशेच्या आसपास पडला होता. स्नेहाच्या घरात शिरलेलं पाणी आपल्या छतावर पडलेलं नव्हतं. ते वरून आलं होतं.

अमेय (बी-५०१): काका, एक शंका. लवासाचं पाणी तर वरसगाव धरणात अडतं ना? ते आपल्याकडे कसं येईल?

नाईक काका: शाब्बास, बरोबर पकडलंस. वरसगाव, पानशेत, टेमघर आपापलं पाणी धरून ठेवतात. पण त्या तीन धरणांच्या खाली आणि खडकवासल्याच्या वर जो डोंगर आहे, तिथला सगळा पाऊस सरळ खडकवासल्यात येतो. वरसगावात मावतं १२.८२ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. खडकवासल्यात १.९७. मोठ्या हंड्यांच्या खाली वाटी ठेवल्यासारखं आहे ते. असा पाऊस झाला की काही तासांत भरते, मग दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. त्या दिवशी विसर्ग ३५,००० क्युसेकपर्यंत गेला होता.

खजिनदार: क्युसेक म्हणजे नक्की किती हो? पेपरात रोज वाचतो, डोक्यात कधी शिरलं नाही.

नाईक काका: एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. ३५,००० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १० लाख लिटर. मे महिन्यात आपण दहा हजार लिटरचा टँकर मागवतो ना, तसे शंभर टँकर. दर सेकंदाला.

खजिनदार: बाप रे. आणि आपण एका टँकरच्या बिलावरून वार्षिक सभेत दोन तास भांडलो.

रोहन: ओके, पटलं. मग असं करू, भिडे पूल पाण्याखाली गेला की मला उठवा. टीव्हीवाले तिथे असतातच.

नाईक काका: भिडे पूल दर पावसाळ्यात जातो. तेवढ्यावरून आपलं काय कळणार?

पाटील वहिनी (बी-२०३): मी सांगलीची, म्हणून बोलते. आमच्याकडे रंग कोणी विचारत नाही. माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या, मोबाईल येत नाही, पण पावसाळ्यात रोज सकाळी पहिला प्रश्न, ‘पुलाला किती?’ आयर्विन पुलाला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. आणि प्रत्येक घराचा आकडा आणखी वेगळा. आमच्या गल्लीत किती फुटाला पाणी येतं ते शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. २०१९ ला ५७ च्या वर गेलं, तेव्हा आम्ही आधीच धान्य वर चढवून मिरजेला निघून गेलो होतो. इथे एवढा शिकलेला ग्रुप आहे, पण आपला आकडा किती, हे एकालाही माहीत नाही.

स्नेहा: 👏 वहिनी, हेच म्हणायचं होतं मला.

(सी-२०१, आजींचा व्हॉइस मेसेज, नातवाने टाईप करून टाकलेला): आजी म्हणते, १२ जुलै १९६१ ला ती नऊ वर्षांची होती. पानशेत फुटलं तेव्हा शनिवार पेठेतल्या घरातून पर्वतीकडे पळाले. आईने हातात देवघरातली वाटी तेवढी घेतली होती. बाकी काय राहिलं ते विचारू नका म्हणते.

उमेश (बी-१०३): *अनेकदा फॉरवर्ड केलेला* अत्यंत महत्त्वाचे!! धरणाला तडे!! पुढील दोन तासांत पुणे शहर...

सेक्रेटरी: उमेश, डिलीट करा. व्हिडिओतल्या पाट्या मराठीत नाहीत, हिंदीतही नाहीत. आणि त्यातलं धरण कोरडं आहे.

उमेश: सॉरी, मेहुण्याने पाठवला होता 🙏

सेक्रेटरी: मेहुण्याला पण कळवा. यापुढे फक्त जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७ किंवा सरकारच्या सचेत ॲपवर जे येईल तेवढंच इथे टाकायचं.

स्नेहा: एक विचारू? २०२४ ला आपल्यापैकी कोणाला मेसेज आला होता? मला नव्हता आला. मला पहाटे आपल्या वॉचमनची, दत्ताची काठी ऐकू आली. दारावर ठोकत होता, ‘ताई, उठा, पाणी आलं.’ तो नसता तर बाबांना चाकाच्या खुर्चीतून बाहेर काढता आलं नसतं.

अमेय: त्याला कसं कळलं पण? तो तर या ग्रुपवरही नाही.

स्नेहा: मागच्या गेटजवळच्या पायऱ्या. नदीकडे उतरतात त्या, चौदा आहेत. तो बॅटरी मारून वरून किती कोरड्या राहिल्या ते मोजतो. सात राहिल्या की बायकोला उठवतो, पाच राहिल्या की आपल्याला. मी नंतर एकदा विचारलं तेव्हा सांगितलं त्याने. आपण कोणी विचारलंच नव्हतं.

पाटील वहिनी: घ्या. हाच आपला आयर्विन.

नाईक काका: मी तीन वर्षं विसर्गाचे आकडे वहीत लिहितोय. पायऱ्या एकदाही मोजल्या नाहीत. लाज वाटली खरंच.

स्नेहा: आणि स्वतः दत्ता बायको-पोरांसकट पंपरूमशेजारच्या खोलीत झोपतो. आमच्यापेक्षा तीन फूट खाली. त्याचा विचार कोण करणार?

सेक्रेटरी: क्लब हाऊस उघडून देऊ.

खजिनदार: उद्या तिथे डी विंगचा वाढदिवस आहे, डेकोरेशन झालंय. आणि कर्मचाऱ्यांनी क्लब हाऊस वापरायचं नाही असा ठराव आहे आपला, २०१८ चा. मी नाही म्हणत नाहीये, फक्त आठवण करून देतोय.

स्नेहा: ठराव पोहतो का?

(सी-२०१): आजी म्हणते, आमचा हॉल रिकामाच आहे. पोरांना आत्ता वर पाठवा, मी खिचडी टाकली आहे. आणि खजिनदारांना म्हणावं, माझ्या हॉलला ठराव लागत नाही.

खजिनदार: आजी 🙏🙏

सेक्रेटरी: लिफ्ट रात्री चौथ्या मजल्यावर नेऊन बंद ठेवतोय. पाणी पार्किंगमध्ये दिसलं की मेन स्विच खाली, कोणी वाद घालू नका. २०२४ च्या त्याच पहाटे डेक्कनला पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना शॉक लागून तिघं गेले होते, विसरू नका. औषधं, कागदपत्रं, चार्जर आत्ताच एका पिशवीत भरा.

*सेक्रेटरी यांनी दत्ता वॉचमन यांना ग्रुपमध्ये जोडले*

पाटील वहिनी: दत्ताभाऊ, वेलकम. दर तासाला फक्त आकडा टाका. बाकी काही लिहू नका.

दत्ता वॉचमन: हो मॅडम. आता ११ राहिल्यात.

(रात्री ११:०५)
दत्ता वॉचमन: ९

नाईक काका: विसर्ग वाढवल्याची बातमी आली आहे. ज्यांच्या गाड्या खाली आहेत त्यांनी आत्ताच काढा. सी विंगवाल्यांनी मोबाईल सायलेंटवर ठेवू नका.

(१२:१०)
दत्ता वॉचमन: ८. पाऊस थांबलाय इथं.

रोहन: थांबला? मग सगळे झोपूया ना.

नाईक काका: इथला थांबला, रोहन.

(१:२०)
दत्ता वॉचमन: ७

(१:२१)
(सी-२०१): आजी जागी आहे. दत्ताची बायको आणि पोरं वर आली. धाकटं झोपलं.

(२:३५)
दत्ता वॉचमन: ५ राहिल्यात. सी विंगपासून दारं वाजवत येतोय.

स्नेहा: आम्ही जागे आहोत. बाबांना खुर्चीत बसवलंय. अमेय, येतोस का उचलायला?

अमेय: आलो.

सेक्रेटरी: मेन स्विचपाशी पोचतोय.

रोहन: दत्ता, माझी गाडी खालीच आहे अजून.

दत्ता वॉचमन: माहितेय साहेब. चावी घेऊन या. आधी सी विंगचं उरकतो.