शब्दचर्चा: मध्यस्थ, लवाद, समेट

विचारणा
एका व्यापारी करारनाम्याच्या मराठी मसुद्यात हे कलम आहे: ‘वाद उद्भवल्यास तो मध्यस्थाकडे सोपवला जाईल व त्याचा निर्णय उभय पक्षांवर बंधनकारक राहील.’ इंग्रजी मसुद्यात मीडिएशन आहे. ‘मध्यस्थ’ ठेवावा की ‘लवाद’? दुसरा पक्ष इटलीतला आहे. त्यांच्या कागदांत ‘मेदियात्सिओने’ आणि ‘कॉन्चिलियात्सिओने’ असे दोन शब्द येतात. त्यांना अनुक्रमे मध्यस्थी आणि समेट (कन्सिलिएशन) म्हणावं का?

प्रतिसाद 1
आधी कलमाचा उत्तरार्ध काढा. मध्यस्थ निर्णय देतच नाही, तो पक्षकारांना बोलतं करतो. निर्णय लादण्याचा अधिकार आला की तो लवाद झाला, मग कागदावर नाव काहीही असो. असं कलम राहिलं तर एक पक्ष दावा लावतो, दुसरा 1996च्या लवाद कायद्याच्या कलम 8खाली वाद लवादाकडे पाठवण्याचा अर्ज देऊन ‘हे लवादाचं कलम आहे’ म्हणतो, आणि मूळ पैशांचा वाद बाजूला पडून एका शब्दावर युक्तिवाद सुरू होतो.

बऱ्याचदा हा घोळ हिंदीवरून येतो. हिंदीत त्या कायद्याचं नाव ‘माध्यस्थम् और सुलह अधिनियम’ आहे, म्हणजे तिथला ‘मध्यस्थ’ हा आपला लवाद. शब्द ओळखीचा दिसतो म्हणून तसाच उचलला जातो आणि अर्थ उलटतो.

असं लिहा: ‘वाद प्रथम मध्यस्थीने मिटवण्याचा प्रयत्न केला जाईल. मध्यस्थाची नेमणूक झाल्यापासून 60 दिवसांत समझोता न झाल्यास वाद एकल लवादाकडे सोपवला जाईल व लवादाचा निवाडा बंधनकारक राहील.’ मुदत कधीपासून मोजायची ते न लिहिणं ही दुसरी नेहमीची चूक.

प्रतिसाद 2
इटलीसाठी ती जोडी चालणार नाही. तिथल्या 2010च्या 28 क्रमांकाच्या वैधानिक आदेशात पहिला शब्द प्रक्रियेचा आहे आणि दुसरा त्या प्रक्रियेतून वाद मिटण्याचा, म्हणजे फलिताचा. म्हणून ‘मध्यस्थी’ आणि ‘मध्यस्थीतून झालेली तडजोड’. दोन वेगळ्या प्रक्रिया समजून भाषांतर केलं तर वाचणाऱ्याला वाटेल की मध्यस्थी फसल्यावर समेटाची आणखी एक पायरी आहे.

फ्रान्समध्ये मात्र त्या खरोखर दोन वाटा आहेत. तिथला न्यायालयीन समेटकर्ता विनामोबदला काम करतो, मध्यस्थाची फी पक्षकार भरतात. तिथे ‘समेट’ आणि ‘मध्यस्थी’ वेगळे ठेवायलाच हवेत. जपानच्या ‘चोतेई’ला मी ‘न्यायालयीन समेट’ म्हणेन. साधारणपणे एक न्यायाधीश आणि किमान दोन समेट-सदस्य अशी समिती बसते, आणि जमलेली तडजोड न्यायालयाच्या नोंदीत उतरली की तिला न्यायालयीन तडजोडीचं बळ येतं.

प्रतिसाद 3
आपल्याकडचा गुंता कमी नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89मध्ये मध्यस्थी आणि न्यायिक तडजोड यांच्या व्याख्यांची अदलाबदल झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2010मध्ये अॅफकॉन्स प्रकरणात ती मसुद्यातली चूक दाखवली आणि दोन शब्द उलटून वाचायला सांगितलं. त्याच निकालात आणखी एक फरक आहे: या कलमाखाली समेटाकडे पाठवायला दोन्ही पक्षांची संमती लागते, मध्यस्थीकडे संमतीविनाही पाठवता येतं.

2023च्या मध्यस्थी अधिनियमाने व्याख्येत समेटही मध्यस्थीतच घेतला. म्हणून जुना निकाल भाषांतरित करताना ‘समेट’ कायम ठेवा, ‘एकच तर आहे’ म्हणून मध्यस्थी करू नका. अधिनियमाचा हवाला देताना ते कलम अमलात आलं आहे का हेही तपासा. 9 ऑक्टोबर 2023ला फक्त काही कलमं लागू झाली.

प्रतिसाद 4
नावात अडकायचं नाही हे मध्यस्थीतून झालेल्या आंतरराष्ट्रीय समझोत्यांच्या अंमलबजावणीसाठीच्या सिंगापूर करारानेही धरलं आहे. नाव कोणतंही असो, तिसऱ्या व्यक्तीच्या मदतीने सामोपचार आणि तिला तोडगा लादण्याचा अधिकार नाही, ही त्याची कसोटी. भारताने 7 ऑगस्ट 2019ला त्यावर स्वाक्षरी केली. इथे ‘स्वाक्षरी’ला ‘मान्यता’ म्हणू नका, अनुसमर्थन, म्हणजे करार देशावर बंधनकारक करणारी औपचारिक संमती, ही वेगळी पायरी आहे.

दुसरी कसोटी सही झालेल्या कागदाची. जर्मनीत मध्यस्थीतला समझोता मुळात साधा करार असतो, थेट अंमलबजावणी हवी तर नोटरीचा दस्त किंवा तसाच दुसरा मार्ग लागतो. इटलीत पक्षकारांसोबत वकिलांनी सही करून तो कायद्याला धरून असल्याचं प्रमाणित केलं, की अंमलबजावणी मागता येते. तेव्हा सरसकट ‘हुकूमनामा’ लिहू नका.

विचारणा
मग ‘मध्यस्थी करार’ हा शब्द कशासाठी वापरायचा?

प्रतिसाद 1
शक्यतो वापरूच नका, त्याचे दोन अर्थ होतात. मध्यस्थीला बसू असं कबूल करणारा कागद वेगळा, आणि बसून जे ठरलं तो कागद वेगळा. पहिल्याला ‘मध्यस्थीस संमतीचा करार’ म्हणा, दुसऱ्याला ‘मध्यस्थीतून झालेला समझोता’. दोन्ही व्याख्या पहिल्या पानावर द्या. नाहीतर वसुलीच्या अर्जाला असा कागद जोडला जातो ज्यात रक्कमच नसते, फक्त भेटायची तारीख असते.