गॅस अचानक पसरला तर काम शून्य, मग ट्यूबची हवा थंड काहून लागते?

महालचा_बारावीवाला:
दादा लोक, एक गणित डोक्यात शिरूनच नाही राहिलं. इन्सुलेटेड डबा, मधात पडदा, एकीकडे गॅस अन् दुसरीकडे व्हॅक्यूम. पडदा फाडला, व्हॉल्यूम दुप्पट झाला. उत्तर म्हणते तापमान ३०० केल्विनच राहील. पण उष्णता आत-बाहेर गेलीच नाही म्हणजे ॲडियाबॅटिक ना, मी गॅमावाला फॉर्म्युला (तापमान गुणिले व्हॉल्यूमचा गॅमा वजा एक घात, हे कायम) लावला तर हेलियमसाठी १८९ येते. अन् सायकलच्या ट्यूबची हवा सोडली की व्हॉल्व्ह थंड लागतो, आपल्या नागपूरच्या मे महिन्यात बी. मग खरं काय?

सायकलवाला_सीताबर्डी:
अबे व्हॅक्यूमले ढकलशील कसा? समोर दाब शून्य, तर काम शून्य. उष्णता बी शून्य. एनर्जी जाईल कुठं?

जुना_मास्तर:
बरोबर आहे त्याचं. गॅमावाला फॉर्म्युला फक्त हळूहळू, रिव्हर्सिबल म्हणजे उलटं बी फिरवता येईल अशा पद्धतीनं पसरताना चालतो, हे नोट्समध्ये बारीक अक्षरात असते अन् पोरं तेच सोडून देतात. एकदम पसरताना गॅसला एक असा दाबच नसतो, पुढं विरळ, मागं दाट, मधात नुसती खळबळ, मग तू पी, म्हणजे दाब, कोणता टाकशील? म्हणून काम काढताना बाहेरचाच दाब घ्यायचा.

इंग्रज शास्त्रज्ञ ज्यूलनं १८४५ मध्ये हेच केलं होतं. तांब्याची दोन भांडी, एकात २२ ॲटमॉस्फिअरची हवा, दुसरं रिकामं, दोन्ही एकाच पाण्यात. तोटी उघडली, पाण्याचं तापमान हललं नाही. मग त्यानं दोन्ही भांडी वेगवेगळ्या पाण्यात ठेवली तर हवेवालं थंड झालं अन् रिकामं गरम, जवळपास तेवढंच. तुझी ट्यूब म्हणजे ते पहिलं भांडं. आत उरलेली हवा बाहेर जाणाऱ्या हवेला ढकलत असते, काम करते, म्हणून गार पडते.

महालचा_बारावीवाला:
हा, ट्यूबचं समजलं. पण पिस्टनवरचं वजन एकदम उचललं तर? तिथं तर व्हॅक्यूम नाही.

जुना_मास्तर:
मग काम शून्य नाही, पण कमी. एक मोल हेलियम, ३०० केल्विन, दाब १० वरून एकदम १ ॲटमॉस्फिअर. दीड आर (आर म्हणजे गॅसचा स्थिरांक) गुणिले तापमानातली घट बरोबर बाहेरचा दाब गुणिले वाढलेला व्हॉल्यूम, एवढंच लिही, १९२ केल्विन येते. वजन म्हणून रेती ठेवून तिचा एकेक कण काढत गेला असता तर ११९ वर आला असता. काम पहिल्यात साधारण १३५० ज्यूल, दुसऱ्यात २२५०. एकदम सोडल्यावर गॅसमध्ये भोवरे उठतात अन् ते विरले की ती एनर्जी आतच उष्णता होऊन राहते, बाहेर कामाला येत नाही.

सायकलवाला_सीताबर्डी:
मास्तर, हे सगळं आयडियल गॅसचं, म्हणजे ज्याचे रेणू एकमेकांले ओढतच नाहीत त्याचं, सांगा त्याले. खऱ्या हवेचे रेणू एकमेकांले थोडे ओढतात, व्हॅक्यूममध्ये पसरली तरी जराशी थंड होतेच. ज्यूलच्या भांड्याभोवती पाणी इतकं होतं का ते दिसलंच नाही.