अग्रशाळेतल्या खोलीत ‘उजेडाचं शिल्प’ करायचंय, मूव्हिंग हेड घेऊ का?

डिचोलीवाला:
नमस्कार मंडळी. मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो, शिगम्यात चित्ररथांवर दिवे लावतो. पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सवात जुन्या जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीतल्या अंधाऱ्या खोल्या पाहिल्या आणि डोक्यात किडा शिरला. आमच्या देवस्थानाची अग्रशाळा आहे, म्हणजे भाविकांच्या मुक्कामाची इमारत. चिऱ्याच्या भिंती, गिलावा नाही, वर कौलं. जत्रेत एक खोली द्यायला समिती तयार आहे. लोकांनी आत यावं, उजेडाच्या आरपार चालावं, एवढीच इच्छा. हाताशी चार पार (साधे झोताचे दिवे), डिमर (उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) आणि भाड्याचा प्रोजेक्टर. यात चार-पाच मूव्हिंग हेड (मोटरने फिरणारे दिवे) भाड्याने घालावेत का? आणि झोत दिसायला धूर धुपाटण्याचाच केला तर?

विंगेतला म्हातारा:
मूव्हिंग हेड नकोत, बाबा. लग्नाच्या हॉलात शोभतात ते. तुम्हाला दिवे कमी पडत नाहीयेत, हवा कमी पडतेय.

अँथनी मॅकॉल नावाच्या कलाकाराने 1973 साली ‘लाइन डिस्क्राइबिंग अ कोन’ केलं. 16 मिमीची फिल्म, तीस मिनिटं. पडद्यावर एक ठिपका हळूहळू वर्तुळ होतो, बस. पण बघायचं पडद्याकडे नाही, प्रोजेक्टरकडे. मधल्या हवेत प्रकाशाचा पोकळ शंकू उभा राहतो आणि लोक त्यात हात घालतात, आत शिरतात. न्यूयॉर्कच्या जुन्या गोदामांत धूळ होती, सिगारेटी होत्या, शंकू झकास दिसायचा. पुढे स्वीडनमधल्या चकाचक कलादालनात तीच फिल्म लावली तर हवेत काहीच दिसेना! हेझ मशीन (हवेत बारीक, एकसारखं धुकं पसरवणारं यंत्र) आल्यावर कुठे हे काम पुन्हा उभं राहिलं.

म्हणून पैसे त्या मशीनवर, म्हणजे हेझरवर घाला. फॉग मशीन नको, त्याचे ढग गोळ्यागोळ्यांनी येतात. धुपाटणं तर नकोच. बंद खोलीत म्हातारी माणसं खोकून बाहेर पळतील, शिवाय वर लाकडी वासे. कौलांच्या फटींतून हेझ निसटेल आणि बाहेरच्या माळांचा उजेड आत येईल, म्हणून वाशांखाली काळं कापड ताणून घ्या. खर्चाची पहिली ओळ तीच.

दुसरं, दार दिव्याच्या समोरच्या टोकाला ठेवा. हेझचे कण उजेड बहुतांशी पुढच्या दिशेला फेकतात, त्यामुळे दिव्याकडे तोंड करून येणाऱ्याला झोत ठसठशीत दिसतो. दिव्यामागे उभं राहिलं तर निम्मी मजा जाते. झोत मात्र थेट डोळ्यांत जाणार नाही इतका वरून, तिरका.

तिसरं तुमच्या फायद्याचं आहे. चिऱ्याची भिंत तांबडी, ती निळा उजेड गिळते. निळा झोत टाका: हवेत दिसेल आणि भिंत जवळजवळ नाहीशी होईल. कुठल्याही पांढऱ्या हॉलात हे फुकट मिळत नाही. अंबर लावलात की भिंतीचा प्रत्येक चिरा पुढे येईल, खोली पुन्हा खोली होईल.

प्रोजेक्टर परत करा. त्याचा ‘काळा’ खरा काळा नसतो. हेझमध्ये राखाडी चौकोन लोंबकळत राहतो. त्यापेक्षा एक प्रोफाइल स्पॉट (रेखीव कडांचा झोत टाकणारा दिवा) घ्या आणि पत्र्यात बारीक चीर कापून गोबो (झोताला आकार देणारी चकती) बसवा.

आल्तिनोची माजी विद्यार्थिनी:
म्हातारबाबांशी सहमत, फक्त निळ्यावरच अडू नका. ओलाफुर एलियासन या कलाकाराने 2003 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये एकाच रंगाच्या पिवळ्या दिव्यांचं अर्धवर्तुळ लावलं आणि छताला आरसे. आरशात उरलेलं अर्धं दिसून पूर्ण सूर्य झाला. त्या उजेडात बाकीचे रंग मरतात, माणसं करडी दिसतात. रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे आणून ते जमणार नाही हं, ते हाय प्रेशर सोडियमचे, त्यांत इतर रंग मिसळलेले असतात.

आणि जमीन सपाट ठेवा. उजेडाचीच कामं करणाऱ्या जेम्स टरेल या कलाकाराच्या 1980 च्या न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनात उजेडालाच भिंत समजून टेकायला गेलेली माणसं पडली, प्रकरण कोर्टात गेलं. जत्रेत आजी-नातवंडं असणार. उंबरठ्याला पांढरी पट्टी मारा.

डिचोलीवाला:
मूव्हिंग हेड रद्द. निळ्याचं आज रात्रीच पारवर जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावून बघितलं, भिंत खरंच गेली. फक्त समितीचे एक काका म्हणतात, “मग आत दाखवणार काय?” त्यांना काय सांगू?

विंगेतला म्हातारा:
सांगू नका काही. हेझर आला की आधी त्यांनाच आत पाठवा. आणि लाइनला ईएलसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा ब्रेकर) आहे ना ते बघा, अग्रशाळेची वायरिंग कुठल्या काळातली असेल देव जाणे.