बड फॉस्टर २५ वर्षं डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरच राहिला, हेड कोच झाला नाही. चुकलं का त्याचं?

ब्लॅक्सबर्गकर:
परवा आपल्या मंडळींच्या गप्पांत कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला आणि एकजण सहज बोलून गेला की बड फॉस्टर म्हणजे "आयुष्यभर दोन नंबरवर राहिलेला माणूस". मला हे बिलकुल पटलेलं नाही, म्हणून धागा काढतोय.
ज्यांना या खेळातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, अमेरिकन फुटबॉलमधे बॉल पुढे नेणारा ऑफेन्स वेगळा आणि समोरच्याला अडवणारा डिफेन्स वेगळा, खेळाडूसुद्धा वेगळे, आणि प्रत्येक वेळी डिफेन्सनं कसं उभं राहायचं, कुणी क्वार्टरबॅकच्या (म्हणजे पास टाकणाऱ्याच्या) अंगावर धावून जायचं, कुणी मागे थांबायचं हे ठरवणारा माणूस म्हणजे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. त्याच्या वर हेड कोच. फॉस्टर १९८७ साली हेड कोच फ्रँक बीमरबरोबर मरे स्टेट कॉलेजहून ब्लॅक्सबर्गच्या व्हर्जिनिया टेक कॉलेजला आला, १९९५ मधे डिफेन्स त्याच्याकडे आला (पहिलं वर्ष आणखी एका कोचबरोबर मिळून) आणि थेट २०१९ चा सीझन करून रिटायर झाला. २००६ ला देशातल्या सर्वोत्तम असिस्टंट कोचला देतात तो ब्रॉयल्स अवॉर्ड मिळाला. मधे २०१५ ला बीमर निवृत्त झाला, जस्टिन फ्वेंटे नवा हेड कोच आला, नवा माणूस सहसा आपला सगळा स्टाफ घेऊन येतो, पण त्यानंही फॉस्टरला ठेवून घेतलं.
आणि तो डबा! कोळसा खाणीतल्या कामगाराचा पत्र्याचा जेवणाचा डबा, ती या डिफेन्सची खूण. रोज उठून कामाला जायचं आणि कुरकुर न करता काम करायचं, एवढाच त्याचा अर्थ. डिफेन्सचा खेळाडू तो हातात धरून मैदानात यायचा. एप्रिल २००७ मधे कॅम्पसवर गोळीबार होऊन ३२ जण गेले, त्यानंतरच्या सीझनला त्या ३२ जणांची नावं त्या डब्यात ठेवलेली होती. या गावात त्या माणसाची जागा काय आहे हे यावरून कळावं. याला तुम्ही दोन नंबर म्हणणार?

नॉर्मनवासी:
डब्याबद्दल पूर्ण आदर आहे, पण मूळ मुद्द्याशी असहमत. कोऑर्डिनेटरच्या हातात अर्धाच खेळ असतो आणि ज्याला खरोखर जिंकायचंय त्यानं उरलेला अर्धा मागायलाच पाहिजे असं माझं मत आहे. तुमच्याच टीमचं उदाहरण देतो, नोव्हेंबर २०१४, वेक फॉरेस्टविरुद्ध. चारही क्वार्टर संपले तेव्हा स्कोअर ०-०. फॉस्टरच्या डिफेन्सनं एक पॉइंट दिला नाही आणि तरी मॅच दुसऱ्या ओव्हरटाइममधे ६-३ अशी हरले, कारण ऑफेन्सला काही जमतच नव्हतं. असं बाजूला उभं राहून बघत बसायचं? कर्बी स्मार्ट अलाबामाला आठ सीझन डिफेन्स बघत होता, मग जॉर्जियाचा हेड कोच झाला आणि २०२१, २०२२ लागोपाठ दोन नॅशनल टायटल्स घेतली. आमचा ब्रेंट व्हेनेबल्ससुद्धा क्लेमसनला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून सुखात होता, तिथे दोन टायटल्स मिळालेली, पगार वर्षाला सुमारे २५ लाख डॉलर, तरी ५० वर्षांचा असताना ओक्लाहोमाची जबाबदारी घेतली ना. पहिल्या सीझनला ६ जिंकल्या ७ हरला, टेक्ससकडून ४९-० मार खाल्ला, लोकांनी नको नको ते ऐकवलं, पण पळाला नाही.

कोलंबसचा_केदार:
मी ओहायो स्टेटचा माणूस आहे आणि फॉस्टरचं नाव ऐकलं की आजही पोटात गोळा येतो 😀
सप्टेंबर २०१४. आमचा क्वार्टरबॅक ब्रॅक्सटन मिलर दुखापतीमुळे बाहेर, त्याच्या जागी आलेला जे. टी. बॅरेट नवखा. फॉस्टरनं काय केलं, आमच्या ऑफेन्सच्या मधल्या तिघांच्या (सेंटर आणि दोन्ही गार्ड) बरोबर समोर एकेक धिप्पाड माणूस उभा केला, त्याला बेअर फ्रंट म्हणतात, म्हणजे मधून पळायची वाटच बंद. मग बाकीचे धावून यायचे आणि सगळ्यात मागे राखण करणारा सेफ्टी बऱ्याचदा कुणीच नाही, कडेच्या कॉर्नरबॅकनं आपापला रिसीव्हर (पास झेलणारा) एकट्यानं सांभाळायचा. हा उघड जुगार होता, एक लांब पास बसला असता तर सरळ टचडाऊन, पण नवखा पोरगा तो पास टाकू शकणार नाही हे त्यानं ओळखलं होतं. बॅरेटचे २९ पैकी ९ पास पूर्ण, ३ इंटरसेप्शन (पास आमच्याऐवजी त्यांनी झेलले), ७ वेळा सॅक (पास टाकण्याआधीच पाडला). ३५-२१ हरलो, आमच्याच स्टेडियममधे. त्या सीझनला आम्ही नंतर एकही मॅच हरलो नाही, थेट नॅशनल चॅम्पियन झालो. म्हणजे चॅम्पियन टीमला त्या वर्षी हरवणारा एकच निघाला आणि त्याचा प्लॅन एका "दोन नंबरच्या" माणसानं केलेला. नॉर्मनवासी, हेड कोच असता तर हे सगळं शोधायला त्याला आठवडाभर वेळ तरी मिळाला असता का?

शार्लटची_मीनल:
केदारला अनुमोदन. हेड कोचचं काम वेगळंच आहे हो, देणगीदारांची जेवणं, १७ वर्षांच्या पोरांच्या घरी जाऊन आईवडिलांना पटवायचं, आता तर ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंची कॉलेज बदलायची सोय) आणि खेळाडूंच्या पैशांचे करार पण. डिफेन्सची बुद्धी असलेल्याला हे जमेलच असं कुठाय? विल मस्चँप बघा. कोऑर्डिनेटर म्हणून जबरदस्त नाव होतं, फ्लोरिडाला हेड कोच झाला, २८ जिंकून २१ हरला आणि नारळ. साउथ कॅरोलिनाला दुसरी संधी, २८-३०, परत नारळ. मग जॉर्जियाला स्मार्टच्या हाताखाली पुन्हा असिस्टंट म्हणून गेला आणि दोन्ही टायटल्सच्या वेळी त्या स्टाफमधे होता. माणूस तोच, अक्कल तीच, फक्त खुर्ची बदलली.
शिवाय घर. फॉस्टर ३३ सीझन एकाच गावात राहिला. या धंद्यात दर तीन वर्षांनी पोरांच्या शाळा बदलणारे कोच किती आहेत ते आठवा, मला तर हेच त्याचं सगळ्यात मोठं यश वाटतं.

टेक्सासकर:
इथे सगळेजण "त्यानं राहायचं ठरवलं" असं धरून चाललेत. पण ठरवायची संधी सगळ्यांना मिळते का? चार्ली स्ट्राँग घ्या. फ्लोरिडाच्या २००६ आणि २००८ च्या टायटल्समधे डिफेन्स त्याचा (२००६ ला आणखी एका कोचबरोबर मिळून). कृष्णवर्णीय कोच. अशी कामगिरी असूनही कायमस्वरूपी हेड कोचची पहिली नोकरी मिळाली ती लुईव्हिलला, ४९ व्या वर्षी. तिथे २०१२ आणि २०१३ मिळून २३-३ करून दाखवलं. म्हणजे लायकी होतीच, दार उघडत नव्हतं. पुढे टेक्ससला १६-२१ झालं आणि तीन वर्षांत काढला, ते वेगळं. मैदानावर खेळणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास पोरं कृष्णवर्णीय आणि हेड कोचच्या खुर्चीत मात्र फार थोडे, अशा खेळात समाधानी असिस्टंटचं फार कौतुक करताना मला जरा जपून बोलावंसं वाटतं. फॉस्टरला ते समाधान परवडलं. कित्येकांना ते नाइलाजानं मानून घ्यावं लागलं.

ब्लॅक्सबर्गकर:
टेक्सासकर, हा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता, आणि तो मान्य. पण त्यातून फॉस्टरचं काम लहान ठरत नाही, स्ट्राँगवरचा अन्याय मोठा ठरतो.
नॉर्मनवासी, वेक फॉरेस्टची मॅच मी पण बघितलीय. खरंय, ती सहन होत नव्हती. तरी मला त्यात दिसतं ते असं की समोर ऑफेन्स इतका गळपटलेला असताना एकाही पोरानं चार क्वार्टर अंग काढलं नाही. हे शिकवावं लागतं. शेवटच्या वर्षीही तेच, सप्टेंबरमधे ड्यूकनं ४५-१० असं घरी येऊन धुतलं, सगळे म्हणाले संपला हा माणूस, आणि नोव्हेंबरमधे त्याच पोरांनी जॉर्जिया टेकला ४५-० आणि त्याच्या शेवटच्या होम गेमला पिटला २८-०. लागोपाठ दोन मॅच शून्यावर!

पुण्याहून_सुहास:
मला फुटबॉलमधलं शून्य कळतं, पण वाचतोय सगळं. एक प्रश्न. आपल्याकडे आचरेकर सर भारतीय संघाचे कोच कधीच नव्हते, तरी १९९० ला द्रोणाचार्य आणि २०१० ला पद्मश्री मिळाली. तिकडे अशा माणसाची काही नोंद होते का?

शार्लटची_मीनल:
सुहास, तिथेच तर घोडं पेंड खातंय. कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममधे कोच म्हणून जायचं तर किमान १० वर्षं आणि १०० मॅचेस हेड कोच असायला हवं, वर जिंकण्याचं प्रमाण ठरावीक. असिस्टंटसाठी दारच नाही. फ्लोरिडा स्टेटचे मिकी अँड्र्यूज, १९९६ चा पहिलावहिला ब्रॉयल्स अवॉर्ड त्यांचा, १९८४ ते २००९ हेड कोच बॉबी बाउडेनचा डिफेन्स त्यांनीच सांभाळला, त्यांनाही कोच म्हणून याच नियमाची भिंत. म्हणजे मस्चँप हेड कोच म्हणून आणखी थोडा टिकला असता आणि थोड्या जास्त मॅचेस जिंकला असता तर तो पात्र, आणि फॉस्टर कधीच नाही. हा कुठला न्याय?

नॉर्मनवासी:
यावर मात्र मी तुमच्या बाजूनं. माइक लीच या हेड कोचसाठी २०२५ मधे त्यांनी जिंकण्याची अट .६०० वरून .५९५ केलीच ना, मग नियम बदलता येतो हे सिद्ध झालं. कोऑर्डिनेटरसाठी वेगळा वर्ग काढा, पहिलं नाव फॉस्टरचं घाला, मी टाळ्या वाजवीन.
पण धाग्याच्या प्रश्नावर माझं मत तेच आहे. त्याला एकदा तरी पूर्ण टीम मिळायला हवी होती. तुम्हाला त्याच्या न जाण्यात निष्ठा दिसते, मला ०-० चा तो स्कोअरबोर्ड दिसतो.

ब्लॅक्सबर्गकर:
आणि मला त्याच स्कोअरबोर्डवर समोरच्या टीमचं शून्य दिसतं. ते त्याचं काम होतं, आणि ते त्यानं केलं होतं.