व्हेगस नर्व्ह जागी केली की आमवाताच्या गोळ्या सुटतात?

टेकडीकर: हनुमान टेकडीवरच्या प्राणायामवर्गात मावशीला सांगितलं, "व्हेगस नर्व्ह जागी करा, प्रतिकारशक्ती वाढेल, गोळ्या सुटतील." व्हेगस म्हणजे मेंदूतून हृदय-पोटाकडे जाणारा मज्जातंतू. तिला आमवात आहे. रविवारची आमवाताची गोळी, मेथोट्रेक्सेट, तिने घेतलीच नाही. मला हे सगळं थोतांड वाटतं.

शनिवारपेठी: सगळं थोतांड नाही हो. 2000 साली केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने उंदरांना जिवाणूंचं विष टोचून व्हेगसला वीज दिली, तर दाह पेटवणारं टीएनएफ हे प्रथिन कमी झालं. मार्गही पुढे सापडला: निरोप प्लीहेपर्यंत पोचतो, तिथल्या काही टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) असिटिलकोलीन हे निरोप्या रसायन सोडतात आणि टीएनएफ बनवणाऱ्या मॅक्रोफेज पेशी गप्प बसतात. 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएने या तत्त्वावरच्या यंत्राला आमवातासाठी मान्यतासुद्धा दिली.

टेकडीकर: यंत्र मानेत शस्त्रक्रिया करून बसवतात, तेही जैविक औषधांनी (पुढच्या पायरीच्या इंजेक्शनांनी) भागलं नाही तर. नाक दाबून श्वास घेणं म्हणजे तेच का?

कोथरूडकर_काकू: मी स्वतः आमवाताची पेशंट. सकाळी बोटं अशी धरतात की गॅसचं बटण दोन्ही हातांनी फिरवावं लागतं. लेकीच्या बारावीच्या वेळी तर विचारू नका. अनुलोम-विलोमने मला झोप लागते, म्हणून करते. गोळीही घेते. यात भांडण कुठे आहे?

शनिवारपेठी: काकू, तुमचा बारावीच्या ताणाचा अनुभव अगदीच हवेतला नाही. ताणाचा शरीरावर परिणाम होतो. अमेरिकेत दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूला मुद्दाम छोटी जखम केली होती. परीक्षेच्या तोंडावर ती भरायला सुट्टीतल्यापेक्षा 40 टक्के जास्त वेळ लागला.

टेकडीकर: 11 जण! आमच्या सोसायटीच्या मीटिंगला याहून जास्त येतात.

लॅबवाली: वाक्यातली खरी चूक कोणीच पकडली नाही. "प्रतिकारशक्ती वाढेल" म्हणे! आमवातात तीच स्वतःच्या सांध्यांवर उठलेली असते, वाढवायची कशाला? मेथोट्रेक्सेट तिला लगाम घालते. व्हेगसचं कामही दाह शमवण्याचंच. म्हणजे शास्त्र खरं धरलं तरी वर्गातला दावा उलटाच.

शनिवारपेठी: हे मान्य. पण श्वासाला थोतांड म्हणणार नाही.

लॅबवाली: नका म्हणू. टेकडीकर, आज मंगळवार. चुकलेल्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा. पुढच्या रविवारी दोन एकदम देऊ नका, हे औषध आठवड्याचं आहे.

टेकडीकर: फोन लावतोय. मावशी म्हणते, आधी प्राणायाम उरकू दे.